अष्टपुत्रा सौभाग्यवती : एका आशीर्वादाची कहाणी

विवाहविधी आटोपला की नवी वधू वडीलधाऱ्यांच्या पाया पडते आणि वरून आशीर्वाद येतो, ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’. आशीर्वाद देणाऱ्याच्या मनात आठ हा आकडा नसतो, आणि वधूच्या मनात तर तो मुळीच नसतो. सनईच्या सुरांत कोणी शब्दांचा अर्थ करीत बसत नाही. तथापि हे तीन शब्द एकेकाळी अक्षरशः घेतले जात होते. त्या काळापासून आजपर्यंत त्यांचे काय झाले हे पाहू लागले, की आपल्या समाजातील स्त्रीच्या स्थितीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. त्या इतिहासाचा बराच मोठा भाग एकाच घरात घडला, म्हणून या लेखात त्या घराकडे पुनःपुन्हा वळावे लागेल.

प्रथम मूळ आशीर्वादाला न्याय दिला पाहिजे. ज्या काळी देवी, पटकी आणि प्लेग यांच्या साथी घरेच्या घरे रिकामी करीत, जन्मलेल्या मुलांपैकी किती हाती लागतील याचा भरवसा नसे, त्या काळी आठांची मागणी हा हावरेपणा नव्हता, ती सावधगिरी होती. शिवाय पुत्राकडून पिंडदान आणि पुत्राकरवी पितृऋणाची फेड ही धर्मशास्त्राची शिकवण होतीच. कुलदेवतेला नवस बोलणे, देवीच्या पुढ्यात ओटी भरणे, गोव्यातल्या देवळांत प्रसादपाकळीचा कौल घेणे, या साऱ्या आचारांत त्या काळच्या स्त्रीची खरीखुरी भीती आणि खरीखुरी आशा साठलेली आहे. त्यांची टवाळी करणाऱ्यांनी एकदा जुन्या बाळंतिणीच्या खोलीत डोकावून पाहावे.

परंतु याच आशीर्वादाला दुसरी बाजू होती, आणि ती सर्वांत स्पष्टपणे दिसते ती कायद्याच्या एका कलमात. गोव्यातील हिंदूंच्या रूढी-रिवाजांची जी संहिता पोर्तुगीज सरकारने १६ डिसेंबर १८८० रोजी जारी केली, तिने सामान्यतः पुरुषाचा दुसरा विवाह अमान्य ठरवला आणि मग अपवाद सांगितले. पत्नीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही, तर पतीला दुसरी करता येई. तीस वर्षे पूर्ण होऊनही पुत्र झाला नाही, तरीही करता येई. पत्नीचे वय त्याहून कमी असेल, तर तिच्या शेवटच्या गर्भारपणाला दहा वर्षे लोटली असली पाहिजेत, अशी अट होती. हे कलम लिसबनमध्ये कोणाच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. येथील लोकांची म्हणून जी रीत होती ती सरकारने कागदावर उतरवली. वाचताना मन थबकते ते त्यातील हिशेबीपणामुळे. एका स्त्रीच्या सबंध संसाराचे भवितव्य पंचवीस, तीस आणि दहा या तीन आकड्यांवर टांगलेले आहे, आणि मुलींची संख्या त्या हिशेबात धरलेली नाही. पाच मुली झालेली स्त्रीही या कलमापुढे रित्या ओटीचीच.

ब्रिटिश मुलखात याच सुमारास वाद पेटला तो वयावरून. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय दहा ठरवले होते. १८९१ च्या कायद्याने ते बारा केले, आणि या दोन वर्षांच्या फरकावरून पुण्यात जे रण माजले त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. लोकमान्य टिळकांचा आक्षेप परकीय सरकारने धर्मात हात घालण्यावर होता. ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधानसंस्कार झाला पाहिजे, अशी सनातन पक्षाची भूमिका होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधाराने दाखवून दिले की, विवाहाचे व गर्भाधानाचे वय पुढे ढकलण्यास धर्माची आडकाठी नाही. आज त्या वादाकडे पाहताना एक गोष्ट विशेष जाणवते. दोन्ही बाजूंनी पुष्कळ संस्कृत वचने उद्धृत झाली, पण जिच्याविषयी ही चर्चा चालली होती तिचे म्हणणे फारच थोड्या ठिकाणी ऐकू येते. अपवाद म्हणजे रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ पासून चार वर्षे तो खटला चालला आणि न्यायालयाच्या हुकुमापुढे तुरुंग पत्करण्याची त्यांनी तयारी दर्शविली. पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशींचे उदाहरण याहून करुण आहे. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि अवघ्या काही दिवसांत ते गेले. त्या मृत्यूतूनच वैद्यक शिकण्याची त्यांची जिद्द जन्मली.

आता त्या घराकडे वळू. धोंडो केशव कर्वे चौदा वर्षांचे असताना आठ वर्षांच्या राधाबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८९१ मध्ये, म्हणजे संमतिवयाचा वाद ऐन भरात असतानाच, राधाबाई वारल्या. वय सत्तावीस. मागे नऊ वर्षांचा मुलगा रघुनाथ. धोंडोपंतांनी कुमारिकेशी दुसरे लग्न केले असते तर कोणी भुवई वर केली नसती. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई जोशी या विधवेशी विवाह केला. त्या आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. ही गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, घरच्यांची ‘बाया’. ‘माझे पुराण’ या नावाने त्यांनी आपली हकीकत सांगितली. मराठीत ज्यांना साधे पण धारदार गद्य वाचावयाचे असेल, त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

आठव्या वर्षी लग्न झालेली राधाबाई आणि आठव्या वर्षी विधवा झालेली बाया. एकीच्या कपाळी कुंकू आणि दुसरीच्या कपाळी काहीच नाही, एवढाच काय तो फरक. बाकी आयुष्याच्या निवडीत दोघींचा वाटा सारखाच, म्हणजे शून्य.

धोंडोपंतांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्यास नेला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. या कार्याबद्दल मनात यत्किंचितही उणेपणा न ठेवता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांच्या कल्पनेतील सुशिक्षित स्त्री ही मुख्यतः सुजाण गृहिणी आणि सुजाण माता होती. जपानच्या महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांनी पुढे ठेवला, गृहशास्त्र व आरोग्य या विषयांना स्थान दिले. स्त्रीने शिकावे हे ते म्हणाले. पण तिने मूल होऊ द्यावे की नाही, हा प्रश्न त्या पिढीच्या सुधारकांच्या यादीत नव्हता. सुधारकांच्या मनातही मातृत्व हे गृहीतच होते.

तो प्रश्न त्यांच्या मुलाने विचारला. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. पॅरिसला जाऊन उच्च शिक्षण घेऊन आले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. इंग्लंडमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या सनाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १९२१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा वाढलेली नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने इतके बळी घेतले होते की ती काही लाखांनी घटलीच होती. ‘देशाची लोकसंख्या भरमसाट वाढते आहे, म्हणून मुले कमी करा’ हा पुढे सरकारी झालेला युक्तिवाद त्या वर्षी कोणालाही करता आला नसता. र. धों. कर्व्यांचा मुख्य मुद्दा देशाच्या आकड्यांचा नव्हताच. वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी झिजणाऱ्या स्त्रीच्या शरीराचा तो होता, आणि त्याहूनही पुढे जाऊन, त्या शरीरावर हक्क कोणाचा याचा होता. संभोग आणि संतती यांचा संबंध मनुष्याने इच्छेनुसार तोडावा, आणि सुखाचा अधिकार स्त्रीलाही तितकाच आहे, असे ते उघड लिहीत. समाजाला खुपले ते हे. साधनांच्या माहितीने लोक एवढे बिथरले नसते.

ते ज्या महाविद्यालयात शिकवीत त्या विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हे कार्य पसंत पडले नाही, आणि १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. सव्वीस वर्षे एका माणसाने पदरमोड करून मासिक चालवणे ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासात साधी गोष्ट नव्हे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून आरोप ठेवला गेला तेव्हा, वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, पुन्हा दंड झाला. ज्या शंकांची उत्तरे अश्लील ठरली, त्या शंका विचारणारे सामान्य मराठी-गुजराती वाचकच होते. आपल्या समाजाला या विषयात रस नव्हता असे म्हणणाऱ्यांसाठी तो पत्रव्यवहारच उत्तर आहे.

आणि मालतीबाई? इतिहास त्यांना बहुधा दोन ओळींत आटोपतो. घरात उत्पन्न आणावयाचे काम बऱ्याच अंशी त्यांच्याकडे आले. शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी संसार व पर्यायाने पतीचे कार्य तगवले. मूल होऊ द्यायचे नाही हा निर्णय त्यांनी पतीसह घेतला आणि शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी स्वतः. ही गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे. मिळवती पत्नी, बिनमुलाचा संसार, आणि नियमनाची शस्त्रक्रिया पुरुषाच्या अंगावर, असे घर त्या काळच्या गिरगावात किती विचित्र दिसले असेल! महर्षी वडिलांच्या कीर्तीच्या प्रकाशात मुलगा उपेक्षित राहिला असे म्हणतात, ते खरेच आहे. पण सून त्याहूनही अंधारात राहिली.

महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध होता. संयम हाच त्यांच्या मते एकमेव नैतिक मार्ग. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांच्याशी चर्चा करून गेल्या, पण दोघांचे मतपरिवर्तन झाले नाही. गांधीजींच्या भूमिकेत स्त्रीविषयी आदर नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पतीला ‘नाही’ म्हणण्याचा तिचा अधिकार त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केला होता. प्रश्न एवढाच की, ज्या घरात तिला साध्या गोष्टीतही ‘नाही’ म्हणता येत नव्हते, तेथे हा अधिकार ती बजावणार कशी?

संस्थानी मुलूख मात्र या बाबतीत पुढे होता. म्हैसूर सरकारने १९३० मध्येच संततिनियमनाची सरकारी केंद्रे उघडण्याचा आदेश काढला. जगातील अशा पहिल्या सरकारी केंद्रांत त्यांची गणना होते. शेजारच्या मुंबई इलाख्यात, ज्यात तेव्हा बेळगाव-धारवाडही होते, १० नोव्हेंबर १९३८ रोजी विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला. बाबासाहेबांच्या पक्षाचे रोहम यांनी तो मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. अठरा वर्षांनी राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसुरात गेले, ही गोष्ट निराळी, आणि तिच्यावर या मासिकात लिहिण्यास दुसरे पुष्कळ समर्थ लेखक आहेत.

त्याच घरातील आणखी दोन स्त्रिया. रँग्लर परांजपे हे धोंडोपंतांचे आप्त. त्यांची कन्या शकुंतला केंब्रिजला शिकली, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीत काम करून आली, आणि १९३७ मध्ये ‘कुंकू’ या प्रभातच्या बोलपटात तिने भूमिका केली. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुणीची ती कथा. पुढच्याच वर्षापासून शकुंतलाबाईंनी संततिनियमनाच्या प्रचाराला वाहून घेतले. रघुनाथरावांनी लेखणीने केलेले काम त्यांनी वस्तीवस्तीत फिरून केले. राज्यसभेत त्या १९६४ ते १९७० नामनियुक्त सदस्य होत्या. याच परांजप्यांच्या घरात शकुंतलेबरोबर वाढलेली मुलगी म्हणजे इरावती. ती धोंडोपंतांच्या दिनकर या मुलाला दिली गेली. इरावतीबाईंना १९२८ मध्ये जर्मनीत संशोधनासाठी जावयाचे होते, तेव्हा स्त्रीशिक्षणाचे महर्षी असलेल्या सासऱ्यांना ते पसंत नव्हते. दिनकररावांनी पत्नीला पाठवले. बर्लिनहून त्या डॉक्टरेट घेऊन आल्या, मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवू लागल्या, तीन मुलांच्या आई झाल्या. सासऱ्यांना दोष देण्यासाठी हे सांगितले नाही. जो माणूस एका पिढीचे दार उघडतो त्याला पुढच्या पिढीने खिडकी उघडलेली सोसत नाही, याला थोरामोठ्यांचाही अपवाद नसतो.

स्वातंत्र्यानंतर या विषयाचे नावच बदलले. कर्व्यांचा शब्द होता ‘संततिनियमन’. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव व आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेबरोबर सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा शब्द झाला ‘कुटुंबनियोजन’. नियमनात कर्ता व्यक्ती होती, नियोजनात कर्ते सरकार झाले. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या अनुयायी. त्यांच्या आग्रहाने आरंभी सुरक्षित दिवसांच्या पद्धतीवर भर दिला गेला, आणि दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा वाटल्या गेल्या. जपमाळेची सवय असलेल्या समाजात ही कल्पना रुजेल असे कोणास वाटले असेल, कोण जाणे. ती रुजली नाही.

नंतर लाल त्रिकोण आला, लक्ष्यांक आले, शिबिरे आली, आणि शेवटी आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ब्याऐंशी लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ नंतर खात्याचे नाव पुन्हा बदलले, ‘कुटुंबकल्याण’. शब्द अधिक मवाळ झाला. पण पुरुषाच्या मनात बसलेली धास्ती निवली नाही, आणि राजकारण्यांनीही पुन्हा तो विस्तव हाती घेतला नाही. सगळा भार मुकाट्याने स्त्रीवर सरकला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण आहे ०.३ टक्के. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, पुरुषाची त्याहून कितीतरी सोपी. रघुनाथराव कर्व्यांनी जे स्वतःच्या अंगावर घेतले होते, ते शंभर वर्षांनंतर हजारातील तीन घरांत घडते आहे. आशीर्वादातील आठाचे दोन झाले, परंतु त्या दोनाची किंमत कोणी मोजावयाची हा निर्णय राधाबाईंच्या काळी लागला होता तसाच बहुधा अजून लागतो.

वर ‘पुत्र’ हा शब्द शिल्लक राहिला तो वेगळाच. संख्या घटली पण हवासा मुलगाच राहिला, तेव्हा विज्ञान त्याच्या सेवेला उभे राहिले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राला १९८८ मध्ये करावा लागला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये हजारी ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. जुनी बाई आठ बाळंतपणांत मुलीही वाढवीत होती. दोनच मुले हवी असणाऱ्या सुशिक्षित घराला पहिली मुलगी चालते, दुसरी परवडत नाही. कर्व्यांनी ज्या साधनांसाठी आयुष्य वेचले त्यांचा हेतू स्त्रीची सुटका हा होता. त्याच विद्येच्या धाकट्या बहिणीने स्त्रीला जन्माआधीच अडवावे, हे त्यांनी पाहिले नाही, हे बरेच झाले म्हणावयाचे.

गोव्याचे चित्र थोडे निराळे आहे. तेथे मुलींचे प्रमाण त्याच दशकात ९३८ वरून ९४२ झाले, म्हणजे किंचित सुधारले. आणि प्रत्येक स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण उपर्युक्त पाहणीत महाराष्ट्र व कर्नाटकात १.७, तर गोव्यात १.३ आहे. १.३ म्हणजे व्यवहारात पुष्कळशा घरांत एकच अपत्य. आणि त्या घरांपैकी सुमारे निम्म्यांत ते अपत्य मुलगी.

येथे हा प्रश्न आपल्या देवळांच्या सभामंडपात येऊन उभा राहतो. महाजनांच्या नोंदवहीत परंपरेने कुळातील पुरुषांची नावे लिहिली जातात. वडिलांचे नाव, मग मुलाचे, मग नातवाचे. आठ पुत्रांच्या काळात ती वही भरभर लांबत गेली. आता तिच्यात एखाद्या कुळाच्या नावाखाली रकाना कोरा राहू लागला आहे. कुळ काही संपलेले नसते. त्या घरची मुलगी पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करीत असते, आईवडिलांचे औषधपाणी पाहत असते, जत्रेला रजा काढून येत असते. पालखीच्या रात्री ती रांगेत उभी राहते, अभिषेकाची पावती फाडते, आणि नाव विचारले की वडिलांचे सांगते.